साथ, कुंपण आणि बंडखोर

जोहान्सबर्गच्या डोक्यावर एक अजस्र अवकाशयान १९८२ पासून अधांतरी उभे आहे. आतले परग्रहवासी उपासमारीने खंगलेले सापडले, म्हणून त्यांना खाली उतरवून छावणीत ठेवले गेले. वर्षे सरली. छावणीची झोपडपट्टी झाली, भोवती कुंपण आले, शहरभर त्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. माणसे त्यांना ‘कोळंबी’ म्हणून हिणवू लागली. आता त्या अठरा लाख जिवांना शहरापासून दूर, नव्या छावणीत हलवायचे ठरले आहे आणि हे काम एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे सोपवले आहे. कंपनीचा विकस फान डे मर्व हा अधिकारी कागद घेऊन झोपडीझोपडीचे दार ठोठावतो. घर खाली करण्याच्या नोटिशीवर त्याला सही हवी असते. कुणी का-कू केले तर तो मुलाला उचलून नेण्याची धमकी देतो. एका झोपडीत परग्रहवासीयांची अंडी सापडतात, ती तो हसत हसत जाळायला लावतो.

पुढच्याच एका झोपडीत त्याच्या हाती धातूची नळी लागते. ती उघडताना आतल्या काळ्या द्रवाची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडते. त्याच दिवशी त्याच्या नाकातून काळे पाणी वाहू लागते, नखे गळू लागतात आणि पट्टीखालचा डावा हात माणसाचा राहत नाही. परग्रहवासीयांची शस्त्रे फक्त त्यांच्याच शरीराला प्रतिसाद देतात. आता ती विकसच्या हातातही चालू लागतात, त्यामुळे कंपनीच्या लेखी तो कर्मचारी न राहता मौल्यवान माल ठरतो. प्रयोगशाळेत त्याची चिरफाड करायचे ठरते. तो निसटतो, तेव्हा कंपनी बातमी पसरवते की परग्रहवासीयांशी संबंध ठेवल्यामुळे त्याला संसर्गजन्य रोग जडला आहे. लोक त्याला पाहून पळतात. लपायला त्याला एकच जागा उरते, ती म्हणजे ज्या वस्तीवर तो नांगर फिरवायला निघाला होता ती वस्ती.

नील ब्लोमकाम्प यांनी दिग्दर्शित केलेला आणि पीटर जॅक्सन यांनी निर्मिलेला ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ हा चित्रपट २००९ साली आला. सुमारे तीन कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात वीस कोटींहून अधिक डॉलरची कमाई केली आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ऑस्करची चार नामांकने मिळवली. धावाधाव, गोळीबार, स्फोट असा मारधाडपटाचा सगळा मालमसाला त्यात आहे. पण तो मनात घर करतो तो दुसऱ्याच कारणाने. रोगाची भीती दाखवून माणसांभोवती कुंपण कसे घातले जाते आणि ते कुंपण ओलांडणारा बंडखोर कसा घडतो, हे त्यात उघडपणे दिसते. ही गोष्ट कल्पनेतली नाही. तिची मुळे शोधत गेलो तर आपण केपटाउनहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला आणि तिथून थेट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरला पोहोचतो.

बाधित नायकाची परंपरा

साथीने उद्ध्वस्त झालेल्या भविष्याची गोष्ट जुनी आहे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या मेरी शेली यांनी १८२६ मध्ये ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी लिहिली. एकविसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने मानवजात संपते आणि एकच माणूस उरतो, असे तिचे कथानक आहे. रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ च्या ‘आय अ‍ॅम लेजंड’मध्ये याला नवे वळण मिळाले. त्यात सगळे जग बाधित झाले आहे आणि निरोगी उरलेला एकटा नायकच त्या नव्या जगाला राक्षस वाटतो. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने साकारलेला नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून जिवंत राहतो. सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी माणसेच त्याला बाधित समजून गोळी घालतात.

अशा कथांमध्ये तीन गोष्टी वारंवार येतात. आधी रोग किंवा त्याची अफवा येते. मग सत्ता कुंपण घालते आणि आतले-बाहेरचे अशी विभागणी होते. शेवटी ते कुंपण मोडणारा कुणीतरी उभा राहतो. तो बहुधा दोन्ही बाजूंना परका असतो.

यातला पहिला भाग, म्हणजे संसर्गाने माणूस बदलणे, विज्ञानाच्या कसोटीवर किती उतरतो? चित्रपटात दाखवतात तसा दोन-तीन दिवसांत हाताचा पंजा बदलणे अशक्य आहे. पण जंतू शरीरातच नव्हे तर वागण्यातही बदल घडवतात, हे खरे आहे. रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांच्या वाटेने मेंदूपर्यंत चढतो. मग रोगी बिथरतो, पाणी गिळताना त्याच्या घशाला आचके बसतात आणि लाळेतून विषाणू पुढे जायला सज्ज होतो. मेंदूपर्यंतच्या या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात, म्हणूनच कुत्रा चावल्यावर ताबडतोब घेतलेली लस जीव वाचवते. चावणारी, बिथरलेली बाधित माणसे पडद्यावर दिसतात, त्यांच्यामागे रेबीजची ही शेकडो वर्षांची दहशत आहे.

परक्या जीवाचा अंश आपल्या पेशीत मिसळणे हीसुद्धा निव्वळ कल्पना नाही. काही विषाणू आपली जनुके यजमानाच्या जनुकांमध्ये कायमची रुजवतात. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा प्राचीन विषाणूंचे अवशेष आहे. गर्भातल्या बाळाला आईशी जोडणारी वार तयार होण्यासाठी लागणारे सिन्सिटिन हे प्रथिन त्यातल्याच एका विषाणूजन्य जनुकातून बनते. म्हणजे ज्याला आपण ‘शुद्ध माणूस’ म्हणतो, तो मुळात संसर्गातूनच घडलेला आहे. शुद्ध-अशुद्धतेच्या नावावर उभ्या केलेल्या कुंपणाला जीवशास्त्र आधार देत नाही.

केपटाउनमधली साथ

ब्लोमकाम्प यांनी आधी ‘अलाइव्ह इन जोबर्ग’ हा लघुपट केला होता. त्यासाठी त्यांनी जोहान्सबर्गच्या रस्त्यांवर सामान्य माणसांना शेजारच्या देशांतून आलेल्या स्थलांतरितांविषयी विचारले. आलेली उत्तरे त्यांनी परग्रहवासीयांविषयीची म्हणून वापरली. एक शब्दही बदलावा लागला नाही. पुढे मोठ्या चित्रपटाचे चित्रीकरण सोवेटोतल्या चियावेलो या भागात झाले. तिथल्या रहिवाशांना त्याच काळात घरे सोडून सरकारी घरकुलांकडे जावे लागत होते. पडद्यावर दिसणाऱ्या झोपड्या खऱ्या आहेत. चित्रीकरण झाले त्या २००८ सालीच दक्षिण आफ्रिकेत स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या आणि साठाहून अधिक माणसे मारली गेली.

चित्रपटाच्या नावामागे केपटाउनची ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ ही वस्ती आहे. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णद्वेषी सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव असल्याचे जाहीर केले. पुढच्या काही वर्षांत साठ हजारांहून अधिक लोकांना तिथून हुसकावून दूरच्या रेताड सपाटीवर टाकले आणि घरांवर बुलडोझर फिरवले. पण याच वस्तीतून माणसांना हाकलण्याची ती पहिली वेळ नव्हती. १९०१ साली, बोअर युद्धाच्या धामधुमीत, केपटाउनच्या बंदरातून प्लेग शहरात शिरला. उंदीर आले ते मालाबरोबर आणि घोड्यांच्या चाऱ्याबरोबर, पण शिक्षा झाली ती माणसांना. डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या हजारो आफ्रिकी रहिवाशांना शिपायांच्या पहाऱ्यात शहराबाहेर एका छावणीत नेले गेले. साथ ओसरली, पण त्यांना परत येऊ दिले नाही. वंशभेदाची वस्तीरचना करण्यासाठी रोगाचे कारण पुढे करण्याची ही रीत इतिहासकारांनी नीट नोंदवून ठेवली आहे.

चित्रपटाच्या नावे एक दोषही मांडला पाहिजे. परक्यांविषयीच्या द्वेषावर बोट ठेवणाऱ्या या कथेत नायजेरियन पात्रे मात्र गुन्हेगार आणि रानटी म्हणूनच येतात. नायजेरियाच्या सरकारने याबद्दल जाहीर निषेध केला आणि चित्रपटगृहांना हा चित्रपट दाखवू नका असे सांगितले. तो राग रास्त होता. कुंपणाविरुद्ध बोलता बोलता माणूस नवे कुंपण घालू शकतो.

तोच प्लेग, आपल्या दारात

केपटाउनचा प्लेग आणि आपल्या आजी-पणजींच्या आठवणीतला प्लेग एकाच साथीचे होते. १८९४ मध्ये हाँगकाँगला भडकलेली साथ १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात उघड झाली आणि काही महिन्यांत पुण्याला पोहोचली. पुढच्या काही दशकांत या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. त्यातल्या दुसऱ्या कलमाने सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली. चौथ्या कलमाने ‘सद्हेतूने’ केलेल्या कुठल्याही कृतीबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही अशी तजवीज केली. एका हातात अमर्याद अधिकार आणि दुसऱ्या हातात जबाबदारीतून सूट, अशी ही जोडी होती.

पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड आला. मार्चमध्ये गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. देवघर, माजघर, स्वयंपाकघर असा भेद न करता झडत्या होत. बायाबापड्यांची तपासणी परके पुरुष करत. संशयितांना इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. मागे राहिलेले सामान अंगणात ओढून जाळले जाई. मग लोकांनी रोगी लपवायला सुरुवात केली, अंत्यसंस्कारही गुपचूप उरकले जाऊ लागले. लोकांचा विश्वास उडाला की साथ आटोक्यात आणणे अवघड होते, हे त्या वर्षी पुण्यात दिसले.

यातली शोकांतिका आणखी खोल आहे. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्येच ओळखला होता, पण तो पसरतो कसा हे १८९७ मध्ये ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू हा दुवा दाखवून दिला. त्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे शिपाई माणसांना घराबाहेर ओढत होते, तेव्हा खरा वाहक भिंतीच्या बिळातून शेजारच्या घरात जात होता. मुंबईत व्हाल्डेमार हाफकिन यांनी लस बनवून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सक्तीने माणसे उचलण्याऐवजी विश्वास कमावण्याचा हाही एक रस्ता त्याच वर्षी उपलब्ध होता.

२२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव उरकून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे १८९८-९९ मध्ये फासावर गेले. साथीच्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणारा बंडखोर मराठी इतिहासात असा उभा राहिला.

त्याच साथीत, त्याच पुण्यात, दुसऱ्या प्रकारचे बंड आधीच झाले होते. सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा आजारी आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत चालत आणले. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

बाधित, बहिष्कृत, बंडखोर ही तिन्ही विशेषणे एका व्यक्तीला इतकी अचूक लागू पडलेली दुसरी उदाहरणे थोडी असतील. मुलींना शिकवते म्हणून १८४९ मध्ये सासरच्या घरातून बाहेर पडावे लागलेली ही बाई. रस्त्यात शेण-माती अंगावर झेललेली. विधवांच्या मुलांसाठी घर काढणारी, अस्पृश्यांना आपल्या घरचा हौद खुला करणारी. तिचे अध्यापनाचे शिक्षण झाले ते नगरला, सिंथिया फरार यांच्या शाळेत. ज्या काळात निरोगी माणूस आजाऱ्यापासून आणि सवर्ण अस्पृश्यापासून चार हात लांब राहत होता, त्या काळात सावित्रीबाईंनी दोन्ही अंतरे एकाच वेळी ओलांडली. विकसला कुंपणापलीकडे ढकलले ते अपघाताने. सावित्रीबाई मात्र काय होऊ शकते हे पुरते जाणून पलीकडे गेल्या.

पारनेरचा मुलगा

पुण्यात प्लेग पसरला तेव्हा न्यू इंग्लिश स्कूलमधला एक विद्यार्थी शाळा सोडून आपल्या गावी, पारनेरला परतला. पांडुरंग महादेव बापट. जन्म पारनेरचाच, १२ नोव्हेंबर १८८० चा. पुढे तो नगरहून मॅट्रिक झाला, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि डेक्कन कॉलेजात दाखल झाला. तिथे चापेकरांच्या मंडळाशी संबंध असलेल्या दामोदर बळवंत भिडे यांनी त्याच्याकडून तलवारीवर हात ठेवून देशसेवेची शपथ घेतली. प्लेगच्या वर्षी पेटलेली ठिणगी अशी पारनेरच्या या मुलापर्यंत पोहोचली.

१९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर तो अभियांत्रिकी शिकायला एडिंबरोला गेला. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले म्हणून शिष्यवृत्ती गेली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांशी मैत्र जुळले. तिथून पॅरिसला जाऊन रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ती घेऊन तो मायदेशी आला. अलिपूर बाँब खटल्यात माफीच्या साक्षीदाराने नाव घेतले आणि बापटांना भूमिगत व्हावे लागले. काही वर्षे ते नाव बदलून, गाव बदलून फिरत होते. इंदूरला पकडले गेले, पण सबळ पुराव्याअभावी सुटले आणि पोलिसांच्या नजरेखाली पारनेरला परतले.

इथपर्यंतची कथा कुठल्याही मारधाडपटात सहज बसेल. परदेशातली गुप्त विद्या, फितूर साथीदार, फरारी नायक, मागावरचे पोलीस, सगळे आहे. पण बापटांचे खरे वेगळेपण यानंतर सुरू होते. बाँब बनवायला शिकलेल्या या माणसाने पारनेरात हातात झाडू घेतला. तो गावचे रस्ते झाडू लागला. १९१४ मध्ये बापटांना मुलगा झाला. बारशाच्या पंगतीत पहिला मान कुणाचा, हे त्या काळी जात ठरवत असे. ब्राह्मणाच्या घरी तर विचारायलाच नको. बापटांनी पहिल्या पंगतीला गावातल्या अस्पृश्यांना बोलावले. आधी त्यांची पाने वाढली गेली, मग इतरांची.

ही कृती किती मोठी होती हे नीट समजून घ्यायला हवे. अस्पृश्यता हे कायम चालू ठेवलेले विलगीकरण होते. साथ संपली की छावणी उठते, निदान उठायला हवी. इथे रोगच नव्हता, त्यामुळे बरे होण्याची मुदतही नव्हती. माणसाचा स्पर्श, सावली, पाणवठा, पंगत, वस्ती हे सगळे वेगळे आणि पिढ्यान्‌पिढ्या वेगळे. मैला उचलण्याचे काम ज्यांच्या माथी मारले त्यांनाच घाण म्हणायचे, हे त्या व्यवस्थेचे गणित होते. पारनेरच्या भर रस्त्यात झाडू मारणारा पदवीधर बापट त्या गणिताच्या मुळावर घाव घालत होता. पुण्यात नोकरी धरल्यावरही त्यांनी रस्ते झाडण्याचा नेम सोडला नाही. भारतीय राजकारणात झाडू हे चिन्ह रुळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

मग आले मुळशी. मुळा आणि नीला नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला जलविद्युत धरण बांधायचे होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने मावळ्यांच्या जमिनी कंपनीसाठी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. नोटिशी देण्याआधीच चाचणीचे खणकाम सुरू झाल्याची तक्रार शेतकऱ्यांनी केली. पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग बापट हे या लढ्याचे पुढारी होते. याच लढ्यात लोकांनी बापटांना ‘सेनापती’ म्हटले आणि ते नाव त्यांना जन्मभर चिकटले.

मुळशीच्या कथेत विज्ञानपटातल्या सगळ्या भूमिका जशाच्या तशा भेटतात. कंपनी, तिच्या पाठीशी उभे असलेले सरकार, हातात कागद घेऊन येणारा अधिकारी, आणि ‘हे मागासलेले लोक प्रगतीच्या आड येताहेत’ असे म्हणणारे शहर. मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना वीज हवी होती. किंमत मात्र मावळच्या भातखाचरांनी मोजायची होती. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा सविस्तर अभ्यास करून तो धरणविरोधी लढ्यांतला जगातला पहिला ठरवला. त्यांनी आणखी एक बोचरे सत्य मांडले. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. भरपाई पदरात पडताच सावकारांचा विरोध मावळला आणि कसणारा शेतकरी एकटा पडला. १९२४ मध्ये बापटांनी कामगारांना घेऊन जाणारी रेल्वे शस्त्रे घेऊन अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले, गावे बुडाली.

या शेवटच्या कृतीवरून तेव्हाही वाद झाला आणि आजही होऊ शकतो. बापटांनी गांधीजींचा मार्ग मानला, पण अहिंसेचे बंधन सरसकट मानले नाही. स्वतःच्या भूमिकेला त्यांनी ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हटले. माझ्या मते त्यांची टिकाऊ शिकवण रेल्वेपुढच्या तलवारीत नाही, पारनेरच्या झाडूत आहे. धरण तलवारीने थांबले नाही. पण पंगत एकदा उलटी बसली की ती पुन्हा पहिल्यासारखी बसवताना माणसाला विचार करावा लागतो.

साथ पुन्हा आली तेव्हा

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. पारनेरसारख्या दुष्काळी तालुक्यातून पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला गेलेली माणसे गावाकडे निघाली. वेशीवर काट्याकुट्यांचे अडसर आडवे पडले. ज्या मुंबईकराची दिवाळीला वाट पाहिली जाई, त्यालाच शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवले गेले. काही ठिकाणी त्याला ताट नीट मिळाले, काही ठिकाणी लांबून सरकवले गेले.

विलगीकरण स्वतः वाईट नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. संसर्ग तोडायला अंतर लागते, ते शास्त्र आहे. प्रश्न असतो तो अंतराच्या पलीकडच्या माणसाचे काय करायचे याचा. त्याला जेवण, औषध, निरोप आणि परत येण्याची खात्री मिळाली तर ती शुश्रूषा. यातले काहीच नसेल तर ती हद्दपारी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पारनेर तालुक्यातल्या भाळवणी गावी, तत्कालीन आमदार नीलेश लंके यांच्या पुढाकाराने, सुमारे ११०० खाटांचे कोविड केंद्र उभे राहिले. धान्य, फळे, औषधे, पैसा अशी मदत लोकांकडून आली. पुढारी मंडळी लांब राहत होती तेव्हा लोकप्रतिनिधी रोग्यांमध्येच मुक्काम ठोकून होता, याची दखल राज्याबाहेरही घेतली गेली. राजकीय मत काहीही असो, रोग्याच्या खाटेशेजारी बसलेला माणूस पाहून बाकीच्यांची भीती किती ओसरते, हे त्या आवारात दिसले.

याच जिल्ह्यात स्नेहालय ही संस्था १९८९ पासून देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी, आणि पुढे एचआयव्हीबाधितांसाठी काम करते आहे. एचआयव्ही हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे विज्ञानाने केव्हाच सांगितले. तरी बाधितांना घर, शाळा, स्मशान नाकारले गेले. रोगाच्या जंतूपेक्षा त्याची बदनामी चिवट असते.

मराठी पडद्यानेही याची दखल घेतली आहे. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी आला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या चित्रपटात डोंबिवलीतले नवे गृहसंकुल आणि शेजारची पाण्यावाचून तहानलेली वस्ती एकमेकांसमोर येतात. साथीचा धागा पाण्याच्या धंद्यापर्यंत जातो. झोंबी हा परका प्रकार आपल्या पाण्याच्या प्रश्नाला इतका चपखल बसला, हे त्या चित्रपटाचे यश आहे.

पडद्यापुढे बसताना

पुढच्या वेळी साथीने ग्रासलेल्या भविष्याचा चित्रपट पाहाल तेव्हा तीन गोष्टी जरूर पाहा. कुंपण कुणी घातले आणि त्याचा फायदा कुणाला होतो? आतल्या माणसाला नाव आणि घर आहे, की तो नुसता लोंढा आहे? आणि नायक कुंपण ओलांडल्यावर काय करतो? बहुतेक चित्रपट तिसऱ्या प्रश्नाला बंदुकीने उत्तर देतात. स्फोट दाखवणे सोपे असते, शुश्रूषा दाखवायला धीर लागतो.

महाराष्ट्राजवळ त्या प्रश्नाचे अधिक पूर्ण उत्तर आहे. इथे गोळी झाडणारे चापेकर आहेत, आजारी मुलाला पाठीवर घेणाऱ्या सावित्रीबाई आहेत, आणि या दोन टोकांच्या मध्ये आयुष्यभर चालत राहिलेले पारनेरचे सेनापती आहेत. ते बाँबपासून झाडूपर्यंत आणि झाडूपासून पुन्हा शस्त्रापर्यंत गेले, १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला आणि १९६७ मध्ये ते गेले. मराठीत या विषयावर कुणी मोठा विज्ञानपट करायला घेतला, तर त्याने नायकाच्या हाती कुठले शस्त्र द्यायचे याचा विचार करण्याआधी पारनेरच्या त्या बारशाची पंगत आठवावी. ज्याला बाहेर काढले त्याला पहिल्या पानावर बसवणे, यापेक्षा मोठे बंड पटकथेत शोधूनही सापडणार नाही.